साडेसहा तास मागे

९ डिसेंबर, सोमवार

निदाने आज स्वयंपाकघरातल्या फळीवरून माझी कोलीमची, म्हणजे सुक्या जवळ्याची, बरणी खाली उतरवली आणि तिच्या जागी एक काळी डबी ठेवली. सुपारीच्या डब्याएवढी. दोन वायरी, एक हिरवा दिवा. हा म्हणे सर्व्हर!

"अम्मी, याला हात लावायचा नाही. घरातलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र आहे हे."

तिथे इतकी वर्षं कोलीम होती. तिलाही कुणी हात लावत नव्हतं, पण ते वासामुळे.

कारण असं. बावीस तारखेला निदाचा निकाह. जिब्रान आंजर्ल्याचा, नोकरी मस्कतला, रजा मोजून मिळालेली. आणि मुलीचा बाप रमजान जहाजावर, मुख्य आचारी, ब्राझीलला साखर भरायला निघालेला. बदली माणूस फेब्रुवारीशिवाय मिळत नाही. जहाजावरच्या नेटवर लिहिलेले निरोप येतात-जातात, पण नेहमीचे व्हिडिओ कॉल बंद. म्हणून आमच्या लेकीने, पुण्याच्या कंपनीत बसून दुसऱ्यांची सॉफ्टवेअरं करते ती, एक घरचं ॲप लिहिलंय. एका टोकाला रमजानचा फोन, दुसऱ्या टोकाला माझा टॅब्लेट, मध्ये ही डबी. बारीक आवाज, बारीक चित्र, थोडक्या नेटमध्ये भागणारं.

जेवताना निदाने जाहीर केलं. "अब्बा समोर दिसल्याशिवाय मी होय म्हणायची नाही."

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या निकाहात मला नवरापण दिसला नव्हता गो!"

निदा हसली नाही. म्हणजे खरंच म्हणतेय.

१० डिसेंबर, मंगळवार

प्रमाणपत्र! आजचा दिवस या एका शब्दात गेला.

मी भाबडेपणाने विचारलं, "डबी आपली, टॅब्लेट आपला, नवरा आपला. मग प्रमाणपत्र कुणाला दाखवायचं?"

निदाने शिकवणी घेतली. टॅब्लेटने डबीला हाक मारली की डबी आपलं प्रमाणपत्र पुढे करते, मी अमुक म्हणून. त्यावर कुणाची तरी सही असते. टॅब्लेट विचारतो, सही करणारा कोण? त्याच्यावर कुणाची सही? असं वर वर जात एका मूळ प्रमाणपत्राशी पोचायचं. ते आपल्या यादीत असेल तर विश्वास. नसेल तर दार बंद.

मी म्हटलं, एवढंच ना? केळशीत कुणी अनोळखी पोरगा ओटीवर आला की सासूबाई हेच करतात. तू कुणाचा रे? अमक्याचा. तो कुणाचा? तमक्याचा जावई. तो तमका कोण? बंदरावरच्या हाजराबीचा भाचा — हां, मग बस, पाणी पी.

"अगदी तेच!" निदा खूश.

"आणि मूळ प्रमाणपत्रावर कुणाची सही?"

"त्याची स्वतःचीच. मुळाला कुणी प्रमाणित करत नाही. ते यादीत असतं म्हणून मानायचं."

आम्ही दोघींनी एकदम सासूबाईंकडे बघितलं. त्या सुपारी कातरत होत्या. या घरातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांची सही लागते आणि त्यांच्यावर कुणाचीच नाही. एक सरकार तेवढं दर नोव्हेंबरात त्यांच्याकडे जिवंत असल्याचा दाखला मागतं. तेही त्या उपकार केल्यासारखा देतात.

बाजारातली मूळ प्रमाणपत्रं टॅब्लेटमध्ये आधीपासून भरलेली असतात, पण आपली डबी घरगुती. म्हणून निदाने घरचंच मूळ बनवलं. ते आता टॅब्लेटच्या गळी उतरवायचं. तिने त्या मुळाला नाव काय द्यावं? 'दादी'. पडद्यावर लिहून येतं — प्रमाणित करणार: दादी.

दुपारी सासूबाईंना वाचून दाखवलं. "मग? कोण करणार दुसरं?" म्हणाल्या, आणि अडकित्ता परत सुरू.

११ डिसेंबर, बुधवार

रमजानचा निरोप: 'लेखिकाबाई, आज घड्याळ एक तास मागे घ्या.'

घेतलं. आता आपल्यापेक्षा साडेसहा तास मागे.

आमच्या आळीत ज्या घरचा माणूस बोटीवर, त्या घरात एक घड्याळ जहाजाच्या वेळेचं. सासऱ्यांच्या वेळी ते ओटीच्या भिंतीवर होतं. परका माणूस ते बघून जेवायला उठायचा आणि सगळे हसायचे. माझ्या वाट्याचं घड्याळ खाऱ्या हवेने खाल्लं, तेव्हापासून टॅब्लेटचंच घड्याळ मी हाताने फिरवते. रमजान निरोप धाडतो, मी काटे हलवते — काटे नाहीत, पण म्हणायचं तसं. माझा भूगोल सगळा वजाबाकीचा. मस्कत दीड तास, लाल समुद्र अडीच, सुवेझ साडेतीन, इंग्लंड साडेपाच. नकाशा दाखवाल तर मला काही सांगता येणार नाही.

त्यातला अडीचचा आकडा आता लागायचा नाही. गेल्या खेपेला त्या समुद्रात रमजानच्या डोळ्यांदेखत शेजारच्या जहाजाला काहीतरी येऊन आदळलं आणि ते पेटलं. त्याने मला फोनवर सांगितलं ते असं, जणू भजी करपली! घरी आल्यावर मी त्याला निदाच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. पुन्हा त्या वाटेने नाही. म्हणून तर हा ब्राझील. लांब, पण निर्धास्त.

(तोंडावर 'तुम्ही', वहीत 'रमजान'. वहीला कसली आलीय अदब.)

१२ डिसेंबर, गुरुवार

मौलाना येऊन गेले. खापरोळ्या चार खाल्ल्या, पाचवीला नको म्हणाले, सहावी घेतली.

त्यांचं म्हणणं सरळ. मुलीचा वली, म्हणजे पालक, तिचा बाप. बाप हजर नसेल तर त्याने आपल्या तोंडाने आपल्या वतीने बोलणारा वकील नेमावा. वकील म्हणजे माझे दीर, शरीफभाई. आणि हे ऐकायला दोन गवाह असे हवेत, जे रमजानला ओळखतात आणि शपथेवर सांगतील की बोलला तो रमजानच.

निदा दाराआडून ऐकत होती, ती पुढेच आली. "मौलाना, म्हणजे अब्बांनी चाचांवर सही केली, गवाहांनी अब्बांवर सही केली, आणि तुम्ही गवाहांना ओळखता. ही तर साखळी झाली!"

मौलानांना काय कळलं देव जाणे. म्हणाले, "हां बेटी, निकाह म्हणजे साखळीच."

शरीफभाई हसून हसून बेजार. त्यांच्या लग्नाला तीस वर्षं झालीत.

शरीफभाईंचा सल्ला: हवं कशाला ॲप, जहाजाच्या फोनवरून वकालत देऊ दे. फोन असतो, हे खरं. पण कधी लागेल ते कॅप्टन जाणे आणि उपग्रह जाणे. आणि निदाचं तेच, दिसले पाहिजेत.

१३ डिसेंबर, शुक्रवार

टॅब्लेट म्हणतो: 'या सर्व्हरवर विश्वास ठेवता येत नाही.'

निदाने ॲपमध्ये हे वाक्य स्वतःच लिहिलंय. आता टॅब्लेट तेच वाक्य तिला दिवसभर ऐकवतोय! माझ्या लेखांचंही असंच होतं.

तिचा संशय: हे टॅब्लेट आपण बाहेरून घातलेल्या मूळ प्रमाणपत्राला किंमत देत नाहीत. सेटिंगमध्ये ठेवून घेतात, मान डोलवतात, आणि ॲपने विचारलं की ओळख दाखवत नाहीत. त्यावर उपाय आहे. ॲपच्या पोटातच यादी घालायची: दादीला मान. ते ती करतेय.

"लॅपटॉपवरून बोल ना," मी.

"तो कंपनीचा, अम्मी. त्यात बाहेरचं मूळ घालूच देत नाहीत. आणि माझ्या फोनवर हे ॲप चढत नाही."

माझा फोन बटणांचा. त्यावर नुसती मी चढते, संदेशवर. संदेश म्हणजे आमच्या साप्ताहिकाचा संपादक. माझं 'सुकट' सदर तो छापतो आणि वरून म्हणतो, "ताई, जरा मीठ कमी."

१४ डिसेंबर, शनिवार

आज हसून पोट दुखलं.

दादीचं प्रमाणपत्र रमजानच्या फोनवर पाठवलं होतं. पण वाटेत कुणी बदललं नाही हे कसं कळावं? त्याला एक ठसा असतो, आकडे आणि इंग्रजी अक्षरांची लांबलचक रांग. तो जहाजावरून वाचून दाखवायचा आणि निदाने इथे ताडून बघायचा. जुळला तरच मानायचं.

सुदैवाने जहाजाचा फोन लागला. रमजान कामाच्या आवाजात: "अल्फा, सेव्हन, फॉक्सट्रॉट, चार्ली, टू, ब्राव्हो..." बोटीवर अक्षरं अशीच सांगतात, चूक होऊ नये म्हणून. निदा बोट ठेवत जाते, "हां. हां. पुढे."

सासूबाई माझ्या कानाशी: "चार्ली कोण? गेल्या वेळी नव्हता."

"जहाजावरचा असेल कुणीतरी."

"आणि ब्राव्हो त्याचा भाऊ?"

ठसा तंतोतंत जुळला. रमजानच्या फोनने दादीला मान्यता दिली आणि पडद्यावर हिरवी खूण आली. जहाज ते डबी रस्ता पक्का. आता राहिला डबी ते टॅब्लेट, म्हणजे फळी ते ओटा! हजारो मैल जमलं, चार पावलं जमत नाहीत.

ठेवता ठेवता रमजान म्हणाला, "निदा, नुसता आवाज ठेव गो. चित्राला नेट फार खातं."

"अब्बा, नाय. चित्र पायजे."

"अगो, माझं तोंड काय बघायचं!"

मी मध्ये पडले. "राहिलेले चार केस बघायचेत तुमचे. टोपी घालून बसा."

मग म्हणाला, "बरं. बसतो." आणि फोन गेला. म्हातारपणी लाजायला लागला माझा नवरा.

१६ डिसेंबर, सोमवार

काल-आज तेच. रोज सकाळी दहाच्या सुमारास निदा नव्याने डबीचं प्रमाणपत्र बनवते, यादी नीट करते, ॲप परत चढवते. टॅब्लेट: विश्वास ठेवता येत नाही. दुपारी पुन्हा: विश्वास ठेवता येत नाही. चार वाजले की तिची कचेरी सुरू होते, लग्नाची रजा भरून काढायला शनिवार-रविवारीसुद्धा, परदेशी माणसांशी बोलणं. मग दार लावून आत. दुसऱ्या दिवशी सकाळी कालचं सगळं पुसून पुन्हा नवं.

सासूबाई आज जेवताना: "काल दिवेलागणीला त्यावर हिरवी खूण आली होती. मी बघितली."

"दादी, ते चार्जिंगचं असेल."

"मला चार्जिंग कळत नाय काय?"

कुणी लक्ष दिलं नाही. मीही नाही.

शरीफभाई मंडपवाल्याला घेऊन आले होते. निदाला म्हणाले, "बाय माझी, ती तपासणीच बंद करून टाक ना. नसेल तसा काही उपाय?"

उपाय आहे. एक ओळ लिहायची: कुणालाही विचारू नको, सगळ्यांना आत घे. तिच्या कंपनीत पुष्कळ जण असंच करतात आणि घरी जाऊन शांत झोपतात.

निदा म्हणाली, "चाचा, मग समोर अब्बा आहेत की अब्बांचं सोंग, ते कसं कळणार? तुम्ही दोन गवाह कशाला आणताय मग? तेही बंद करा."

मंडपवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, पोरगी तुमच्यावर गेलीय." आजपर्यंत मला कुणी एवढी मोठी पावती दिली नव्हती. जास्तीच्या खुर्च्या त्याच्याकडूनच घेतल्या.

१७ डिसेंबर, मंगळवार

नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

संदेशचा फोन. "ताई, मजकूर कुठाय?" पाठवला. विषय: माणसावर विश्वास ठेवायला दाखला लागतो, पण दाखला देणाऱ्यावर विश्वास ठेवायला काही लागत नाही. तालुक्याच्या कचेरीपासून लग्न जमवणाऱ्या मध्यस्थापर्यंत सगळे घेतले. संदेश म्हणाला, मध्यस्थ काढा, माझी मेहुणी तेच करते.

दुपारी बरं नव्हतं घरात. निदा डबीसमोर जमिनीवर बसून होती, हळदीच्या पिशवीला टेकून. मी म्हटलं ऊठ. नाही. चहा ठेवला, निवला.

मग म्हणाली, "अम्मी, तारीख पुढे ढकलूया."

"जिब्रानची रजा?"

"त्याच्याशी बोलले. म्हणतो, तुझे अब्बा, तू ठरव. पुढची रजा वर्षाने."

जिब्रान आवडला मला. आज पहिल्यांदाच. एरवी तो जरा जास्तच इस्त्रीचा वाटतो.

"एवढं काय गो अडलंय तुझं? आवाज आहे ना त्यांचा."

तिने वर बघितलं नाही. "माझ्या शाळेच्या सगळ्या गॅदरिंगला अब्बा आवाजच होते. दहावीला आवाज. नोकरी लागली तेव्हा आवाज. एकदा तरी चेहरा पायजे मला. एकदाच."

तिच्या शेजारी जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले तेवढाच आवाज.

उद्याचा दिवस बघायचा, नाही जमलं तर परवा जिब्रानच्या घरी निरोप धाडायचा, असं ठरलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

सापडलं! आणि कुणी सापडवलं!

दुपारी एकच्या सुमाराला आम्ही तिघी स्वयंपाकघरात. निदा सकाळचं प्रमाणपत्र करून दमलेली, टॅब्लेट तांदळाच्या डब्याला टेकवलेला, त्यावर तेच वाक्य. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सहज टॅब्लेटकडे बघितलं आणि म्हणाल्या,

"साडेसहा झाले. रमजानचा चहा उकळला असेल."

निदा: "दादी, एक वाजलाय."

"इथे. तिथे साडेसहा. हे काय, लिहिलंय ना वर."

निदाने टॅब्लेट उचलला. कोपऱ्यात बघितलं. मग माझ्याकडे.

"अम्मी. हे घड्याळ बंद पडलंय?"

"बंद कशाला पडेल? जहाजाचं आहे ते."

"तू फिरवलंस?"

"नेहमीच फिरवते. घरात एक असतंच."

ती खालीच बसली. मला वाटलं रडतेय, तर हसत होती. हसता हसता ओरडली, "किती वाजता बनवते मी प्रमाणपत्र? दहाला! त्यावर लिहिलेलं असतं, कधीपासून चालू. आज सकाळी दहापासून. आणि तुझ्या टॅब्लेटला तेव्हा वाटत असतं, अजून पहाटेचे साडेतीन वाजलेत! त्याच्या लेखी हे प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही!"

"मग संध्याकाळी..."

"संध्याकाळी साडेचारनंतर याच्या घड्याळात दहा वाजतात, मग हा विश्वास ठेवतो. तेव्हा मी कचेरीत. आणि सकाळी मीच ते पुसते, नवं बनवते, पुन्हा तेच!"

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "सांगत होते मी हिरवी खूण. पण म्हातारीचं कोण ऐकतंय!" पुढचा अर्धा तास हेच, वेगवेगळ्या चालींत. मूळ प्रमाणपत्राचा अपमान केला होता आम्ही, भोगायलाच हवं.

खरं तर बिचाऱ्या टॅब्लेटचं काहीच चुकलं नव्हतं. उद्याच्या तारखेची सही घेऊन कुणी माझ्या दारात आला असता तर मीही त्याला आत घेतलं नसतं.

मग निदाने सेटिंग उघडलं. घड्याळ आपोआप लावायची खूण असते, तिथे तिचं बोट गेलं. थांबलं. माझ्याकडे बघितलं. मी भांडी घासायला घेतली होती, घासलेलीच.

"किती वर्षं करतेस गो हे?"

"सवय आहे."

"लोकांच्या रडण्यावर लेख लिहितेस तू. नवऱ्याच्या आठवणीत उसासे टाकणाऱ्या बायकांवर तर दोनदा लिहिलंस."

"मग? उसासा टाकला काय मी कधी? नुसतं घड्याळ फिरवलंय."

तिने सेटिंग बंद केलं. "राहू दे. घड्याळाला हात नको. मी प्रमाणपत्रच कालपासूनचं करते. तारीख मागची घालता येते."

आणि केलंही. घड्याळ तसंच साडेसहा तास मागे, आणि खाली हिरवी खूण. 'दादी' यांनी प्रमाणित.

भांडी फार स्वच्छ झाली आज.

२० डिसेंबर, शुक्रवार

हळद. डबीलाही बोट लागलं. कुणी लावलं विचारू नये. सासूबाईंच्या नखात होती.

२२ डिसेंबर, रविवार

झालं! माझी निदा झाली दुसऱ्याच्या घरची. लिहायला बसले तर हात मेंदीने पिवळाभगवा, अक्षर निदाच्या पहिलीतल्यासारखं.

साडेअकराची वेळ धरली होती. बायका आत, पुरुष मंडपात. टॅब्लेट ओटीवर, तांदळाच्या डब्यासकट. निदाने डबा बदलू दिला नाही, म्हणे शुभ आहे. ती पडद्याआड, पण अशी बसलेली की टॅब्लेट दिसावा. शरीफभाई वकील, नव्या सदऱ्यात, बटण चुकीचं लावलेलं. दोन गवाह, दोघे रमजानच्या शाळेतले. मौलाना.

निदाने बोट लावलं. गोल फिरलं, फिरलं... आणि चित्र आलं!

रमजान. टोपी घातलेला, दाढी विंचरलेली, पांढरा सदरा. बोटीच्या जेवणघरात बसला होता. डोक्यामागे भिंतीवरचं गोल घड्याळ, बाजूच्या गोल खिडकीतून ऊन, मागच्या टेबलावर खरकट्या ताटल्यांची चळत. म्हटलं, लेकीच्या निकाहाला तरी आवरायचं होतं माणसाने! चित्र जरा अडखळत होतं, ओठ आधी हलत आणि आवाज मागून येई. पण तो होता.

आत कुणीतरी हुंदका दिला. सासूबाई. "वाळलाय," म्हणाल्या. मला नाही वाटला.

मौलानांनी गवाहांना विचारलं, हे रमजानच ना? एक गवाह म्हणजे आमचे जुने शेजारी शहाबुद्दीनभाई. ते टॅब्लेटकडे झुकले आणि म्हणाले, "तसं नाय चालायचं. रमजान, माझ्या लग्नात पुलाव तू केलास. काय विसरलास?"

तिकडून, थोड्या वेळाने, "मीठ! मेल्या, अजून किती वर्षं काढशील ते?"

"तोच हाय, मौलाना," शहाबुद्दीनभाई म्हणाले. "शपथेवर."

अख्खा मंडप हसला. निदाच्या त्या सगळ्या ठशांपेक्षा आणि साखळ्यांपेक्षा पक्का दाखला!

मग रमजानने वकालत दिली. माझी मुलगी निदा, हिच्या निकाहाला मी माझा भाऊ शरीफ याला वकील करतो. एकेक शब्द सावकाश, तुटू नये म्हणून. शेवटच्या शब्दाला आवाज गेला. नेटने नाही.

"अब्बा, रडताय?" निदा पडद्यामागून.

"नाय गो बाय. कांदे चिरत होतो."

शरीफभाई गवाहांना घेऊन आत आले, तिला विचारायला. तिने आधी टॅब्लेटकडे बघितलं. पुरतं, पोटभर. मग म्हणाली होय. एवढ्या मोठ्याने, की मंडपातल्या माणसांनी आतून निरोप यायच्या आधीच मुबारक म्हणायला सुरुवात केली.

रमजानने शेवटी मला हाक मारली. "लेखिकाबाई, कशी दिसते आपली पोर?"

"तुमच्यावर गेली नाही, शुकर करा."

तो हसला आणि चित्र थिजलं. हसताना थिजलं. निदा पुढे होऊन परत जोडणार होती, मी म्हटलं राहू दे तसंच जरा वेळ.

२३ डिसेंबर, सोमवार

पाठवणी झाली. आंजर्ल्याला म्हणजे काही चंद्रावर नाही. तरी घर केवढं मोठं झालं एकदम.

डबी फळीवरच आहे. कोलीमची बरणी तिच्या शेजारी ठेवली. सांभाळून घेतील एकमेकींना.

२४ डिसेंबर, मंगळवार

निकाहाच्या वेळी टॅब्लेटच्या कोपऱ्यात पाच वाजले होते. त्याच पडद्यावर, रमजानच्या डोक्यामागच्या घड्याळात नऊ.

दोन दिवस मी ते डोळ्यांत घेऊन फिरतेय. आपले साडेअकरा, तिथे नऊ. अडीच तास. ब्राझीलच्या वाटेवर अडीच येत नाही. अडीच एकाच समुद्रात येतो.

पहाटे पाचला खिडकीत तेवढं ऊन नसतं. न्याहारीच्या खरकट्या ताटल्याही नसतात. म्हणून चित्र नको होतं त्याला. निदाने हट्ट धरला म्हणून बसला समोर.

सकाळी टॅब्लेटचं घड्याळ चार तास पुढे केलं. सासूबाई बघत होत्या. निदाला कळवलं नाही.

आत्ता त्याचा निरोप आला: 'लेखिकाबाई, आज घड्याळ आणखी एक तास मागे घ्या.'

मी लिहिलं — घेतलं.